मन लागत नाही, तरी माळ ओढायची का?

तुम्ही विचारलेले प्रश्न चार आहेत. काही महिने रोज जप चालू आहे, पण मन लागत नाही; मग तो करून उपयोग काय? मंत्राचा अर्थ कळायलाच हवा का? उच्चार चुकला तर उलटं फळ मिळतं म्हणतात, ते खरं का? आणि गुरूकडून घेतलेला नसेल तर मंत्र फळत नाही का? मी स्वतः जप करतो आणि बरीच वर्षं इतरांना जपाला बसायला शिकवत आलोय, त्यामुळे हे चारही प्रश्न चांगलेच ओळखीचे आहेत. पहिल्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे तीन त्याच्याच पोटातून निघालेत.

बहुतेकांची समजूत अशी की आधी मन शांत व्हावं, मग जप चांगला होईल. क्रम नेमका उलटा आहे. जपात आधी कामाला लागते ती जीभ. मग श्वास, मग कान. मन सगळ्यात शेवटी येतं, तेही कुरकुरत, आणि आलं तरी फार वेळ थांबत नाही. मन लागत नाही म्हणून जप सोडणं म्हणजे ताप उतरला की औषध सुरू करतो म्हणण्यासारखं आहे.

हा क्रम परंपरेनेच घालून दिलाय. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातली एक ऋचा (1.164.45) सांगते की वाणीची चार पदं आहेत, त्यातली तीन गुहेत दडलेली, आणि माणसं बोलतात ती फक्त चौथी. पुढे त्यांना परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी ही नावं मिळाली. बोलताना आपण परेकडून वैखरीकडे येतो: आधी नुसती स्फुरणा, मग आकार घेत असलेला आशय, मग मनातल्या मनात शब्द, आणि शेवटी उच्चार. जपात हाच रस्ता उलट्या दिशेने चालायचा असतो. मोठ्याने म्हटलेला मंत्र हळूहळू ओठांवर येतो, ओठांवरून आत सरकतो, आणि आत गेल्यावर तो म्हणावा लागत नाही, नुसता ऐकू येतो.

वाचिक, उपांशु आणि मानस हे जपाचे तीन प्रकार याच रस्त्यावरचे. वाचिक म्हणजे दुसऱ्याला ऐकू येईल असा. उपांशुमध्ये ओठ आणि जीभ हलतात, पण शेजारी बसलेल्यालाही शब्द कळत नाही. मानसात काहीच हलत नाही. मनुस्मृतीत (2.85) यांची प्रतवारी आहे: जपयज्ञ विधियज्ञापेक्षा दहापट श्रेष्ठ, उपांशु शंभरपट, मानस हजारपट. माझ्या मते या श्लोकाने नवशिक्यांचं बरंच नुकसान केलंय. हजारपट वाचलं की माणूस पहिल्या दिवशीच मानस जपाला बसतो आणि पाच मिनिटांत उद्याच्या कामांची यादी करायला लागतो. जिभेला काम नाही, कानाला काम नाही, आणि मनाला तर अजून शिस्तच नाही. तुमचा जप मानस चालत असेल आणि मन लागत नसेल, तर पहिला उपाय साधा आहे: ओठ हलवा. काही आठवडे उपांशुवर या. अगदीच विस्कटलेला दिवस असेल तर पहिली माळ मोठ्याने म्हणा. यात पायरी उतरल्यासारखं काही नाही.

आता आत काय घडतं ते. आपलं मन जप करायला शिकलेलं नाही असं आपण समजतो, पण ते जन्मभर तेच करतं. कुणी सकाळी टाकून बोललं, की ते वाक्य दिवसभर डोक्यात फिरतं. गाण्याची एखादी ओळ अशी चिकटते की दोन दिवस जात नाही. काळजी म्हणजे तरी काय, एकाच वाक्याची आवर्तनं. पुनरावृत्ती ही मनाची खोडच आहे. जपात तिला आपण निवडलेला विषय देतो, एवढंच. योगशास्त्र हे वृत्ती आणि संस्कार या जोडीने समजावतं. जी वृत्ती उठते ती आपला ठसा मागे ठेवते, आणि तो ठसा पुन्हा तशीच वृत्ती उठवतो. हे चक्र थांबवता येत नाही, पण त्यात काय फिरवायचं ते बऱ्याच अंशी ठरवता येतं. संख्येला महत्त्व आहे ते यासाठी. वर कुणी वही घेऊन बसलेलं नाही; ठसा खोल जायला आवर्तनं लागतात.

म्हणूनच जपाचा परिणाम बसल्या जागी शोधू नये. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंची तक्रार तुमच्यासारखीच होती: आसनावर बसलं की मन दहा ठिकाणी जातं, एक माळ धड होत नाही. मी विचारलं, दिवसात कधी मंत्र आपोआप आठवतो का? त्या म्हणाल्या, हो, जिना चढताना पायरीपायरीला येतो, आणि रात्री मध्येच जाग आली तर आधी तोच असतो, पण तो काही जप नव्हे, मी तर माळही घेतलेली नसते. त्यांचा जप चांगला मुरत होता आणि त्याच तो मोजायला तयार नव्हत्या. बैठकीत कुरकुर करणारं मन बैठकीबाहेर तोच मंत्र स्वतःहून उचलतं, ही पहिली खरी खूण. काही महिन्यांनंतरही असं कधीच होत नसेल, तर मात्र वेग, वेळ किंवा मंत्र यातलं काहीतरी तपासायला हवं. बहुतेक वेळा दोष वेगाचा असतो. संख्या पुरी करायच्या नादात मंत्राची शेवटची अक्षरं गिळली जातात, आणि गिळलेल्या अक्षरांचा ठसा उमटत नाही.

श्वासाचंही यात मोठं काम आहे. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. 23 निरोगी माणसांकडून त्यांनी लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींमध्ये श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक तत्पर झाली. त्याआधी 1975 मध्ये हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी एकाच शब्दाच्या आवर्तनाने शरीर शिथिल होतं हे मांडलं होतं, आणि त्यासाठी कोणताही शब्द चालतो असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं, पण शिथिल होण्यापुरतंच. नाडी मंदावणं, खांदे सैल होणं, झोप सुधारणं या गोष्टी सावकाश, लयीत म्हटलेल्या कुठल्याही ओळीने होतील. जप तिथे थांबत नाही. (जाता जाता: ओंकार अमुक हर्ट्झचा आणि अमुक ग्रहाचं कंपन तमुक हर्ट्झचं, या गप्पांना परंपरेत काडीचा आधार नाही. वेदपठणातले उदात्त, अनुदात्त, स्वरित हे स्वर एकमेकांच्या तुलनेत उंच-खाली असतात. प्रत्येक जण आपापल्या पट्टीत म्हणतो.)

तिथे थांबत नाही म्हणजे काय, ते न्यासात, म्हणजे जपाआधी अंगांना हात लावायच्या विधीत, फार स्वच्छ दिसतं. अनुष्ठानाचा जप सुरू करण्यापूर्वी विनियोग म्हणतात: या मंत्राचा ऋषी कोण, छंद कोणता, देवता कोण. गायत्रीचा ऋषी विश्वामित्र, छंद गायत्री, देवता सविता. मग ऋषीचं नाव घेऊन हात डोक्याला लावायचा, छंदाचं नाव घेऊन मुखाला, देवतेचं नाव घेऊन हृदयाला. अनेकजण हे घाईघाईत उरकतात, आणि मंत्र कसा चालतो याचं सगळं उत्तर तर तिथेच आहे. ऋषी डोक्यावर, म्हणजे हा मंत्र माझा नाही, कुणाला तरी तो दिसला आणि हातोहात माझ्यापर्यंत आला. छंद मुखात, म्हणजे त्याची लय जिभेने सांभाळायची. देवता हृदयात, म्हणजे हे सगळं कुणाला उद्देशून चाललंय ते विसरायचं नाही. तिन्हीपैकी छंद तेवढा श्वासाच्या प्रयोगात मोजता येतो. ऋषी आणि देवता वगळले तर जप उत्तम व्यायाम होईल, पण साधना होणार नाही.

इथे अर्थाचा प्रश्न येतो, आणि तो फार जुना आहे. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या जुन्या ग्रंथात, कौत्स नावाच्या आचार्याचं मत दिलंय: मंत्र निरर्थक असतात. त्याचा एक मुद्दा असा की मंत्रातले शब्द बदलता येत नाहीत, त्यांचा क्रमही बदलता येत नाही, आणि अर्थ महत्त्वाचा असता तर पर्यायी शब्द चालला असता. यास्क उत्तर देतो की आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे. भांडण इतकं चांगलं आहे की दोघांचंही थोडं बरोबर आहे असं म्हणावंसं वाटतं. शब्द बदलता येत नाहीत हे खरं. ‘राम’ऐवजी ‘दशरथाचा थोरला मुलगा’ असा जप कुणी करत नाही. पण अर्थ निरुपयोगी आहे असंही नाही. पतंजलीचं योगसूत्र (1.28) नेमकं आहे: तज्जपस्तदर्थभावनम्. ओंकाराचा जप आणि त्याच्या अर्थाचं भावन, दोन्ही बरोबर. भावन म्हणजे भाषांतर घोकणं नाही. जप चालू असताना ‘सवितृ म्हणजे सूर्य, वरेण्य म्हणजे श्रेष्ठ’ असं मनात चालवलंत तर एकाच वेळी दोन वाक्यं म्हणत बसाल. अर्थाचा अभ्यास जपाच्या वेळेबाहेर करा, एकदा नीट करा. जपाच्या वेळी तो चव म्हणून उतरू द्या. ह्रीं, श्रीं, क्लीं अशा एकाक्षरी बीजमंत्रांना तर कोशातला अर्थ फारसा नसतोच. तिथे देवतेचं ध्यान हाच अर्थ.

उच्चाराची भीती लोकांना घालणारी गोष्ट इंद्रशत्रूची आहे. त्वष्ट्याला इंद्राचा वध करणारा पुत्र हवा होता. यज्ञात ‘इंद्रशत्रुर्वर्धस्व’ म्हणताना स्वर चुकला. आघात अंत्य अक्षरावर हवा होता, म्हणजे ‘इंद्राला मारणारा’ असा अर्थ झाला असता. तो पहिल्या अक्षरावर पडला आणि अर्थ झाला ‘इंद्र ज्याला मारणारा आहे तो’. वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. गोष्ट शिक्षाग्रंथांनी, म्हणजे वेदांचे उच्चार शिकवणाऱ्या ग्रंथांनी, सांगितलीय ती सस्वर वैदिक मंत्रांच्या संदर्भात, आणि तिथे ती लागूच आहे. वैदिक मंत्र पुस्तकातून किंवा मोबाइलवरून उचलू नयेत, कानाने शिकावेत. गायत्रीचंच बघा. चोवीस अक्षरी म्हणतात, पण मोजायला बसलात तर पहिल्या चरणात सातच भरतात, एकूण तेवीस. छंद पुरा करायचा तर ‘वरेण्यं’ हे ‘वरेणियं’ असं धरावं लागतं. जपात मात्र बहुतेक परंपरा ‘वरेण्यं’च म्हणतात. असली गोष्ट शिकवणाऱ्यासमोर बसल्याशिवाय कळत नाही.

नामाला हा धाक लावण्याचं कारण नाही. रामाचं नाव घेताना ‘म’ जरा आखूड झाला म्हणून कुणाचं वाईट होत नसतं. वाल्मीकीची कथा तर उलट्या नामाचीच आहे. ज्ञानदेवांच्या हरिपाठापासून गोंदवलेकर महाराजांपर्यंत महाराष्ट्रातल्या संतांनी नाम सगळ्यांच्या हाती दिलं ते काळ, वेळ, सोवळं यांची अट न घालता. नाम आणि विधीचा मंत्र यांची सरमिसळ केल्यामुळे निम्मे गोंधळ होतात. नामाचा मोकळेपणा बीजमंत्राला लावला की उथळपणा येतो, आणि बीजमंत्राचे नियम नामाला लावले की माणूस घाबरून नामही सोडतो.

मोजण्याबद्दल थोडं. माळेत 108 मणी असतात. हिशेबात शंभरच धरतात, आठ चुकीमाकीसाठी सोडतात. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ फिरवायची. तर्जनी लागू द्यायची नाही. मधल्या बोटावर माळ ठेवून अंगठ्याने मणी ओढायचा. माळ नसेल तर बोटांची पेरं आहेत. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात, मग तिचं खालचं, करंगळीची तिन्ही पेरं खालून वर, अनामिकेचं टोक, मधल्या बोटाचं टोक, आणि तर्जनीची तिन्ही वरून खाली: दहा झाले. मधल्या बोटाची खालची दोन पेरं हा मेरू, त्यांना शिवायचं नाही. (इथे मोजताना तर्जनी चालते, माळेला चालत नाही, हे नवख्यांना नेहमी खटकतं.) या सगळ्याचा फायदा असा की मोजायचं काम बोटांकडे जातं आणि डोकं मोकळं राहतं. अंकांनी मोजणारा माणूस अंकांचाच जप करत असतो.

पुरश्चरणाचे, म्हणजे मंत्र सिद्ध करण्यासाठी ठरलेल्या संख्येने करायच्या जपाचे, आकडे ऐकून हुरळून जाऊ नका. सर्वसाधारण नियम अक्षरलक्ष, म्हणजे मंत्रात जितकी अक्षरं तितके लाख जप. मग त्याच्या दशांश हवन, हवनाच्या दशांश तर्पण, तर्पणाच्या दशांश मार्जन (पाणी शिंपडणं), आणि शेवटी त्याच्याही दशांश ब्राह्मणभोजन. गायत्रीचे चोवीस लाख, रोज दहा माळा धरल्या तर साडेसहा वर्षं. समर्थ रामदासांनी टाकळीला बारा वर्षांत त्रयोदशाक्षरी मंत्राचा तेरा कोटी जप केला असं संप्रदाय सांगतो. भागाकार केला तर दिवसाला जवळपास तीस हजार येतात. सेकंदाला एक धरला तरी सव्वाआठ तास. संसारी माणसाने हा आकडा नमस्कारापुरता ठेवावा. एकच मंत्र, एकच वेळ, एकच जागा, आणि आजारपणातही पाळता येईल एवढी संख्या. तीन माळांचा नेम अकरा माळांच्या उत्साहापेक्षा लांब जातो.

पुढे काय काय होतं तेही सांगून ठेवतो, नाहीतर माणूस मधेच घाबरतो. आधी कंटाळा येतो. मग झोप, ती आली तर डोळे अर्धे उघडे ठेवा, आवाज वाढवा, उठून येरझारा घालत म्हणा. त्यानंतरचा टप्पा जास्त अवघड: जुने राग, लाजिरवाण्या आठवणी, कधीकाळचे अपमान वर येतात, आणि वाटतं की जपाने मी बिघडत चाललोय. ते सगळं आधीपासून आतच होतं, गोंगाटात ऐकू येत नव्हतं. त्याच्याशी वाद घालत बसू नका, पुढचा मणी ओढा. प्रकाश दिसला, नाद ऐकू आला, तरीही तेच. फार पुढे श्वासाबरोबर ‘सोऽहम्’ आपोआप चालल्याचं जाणवतं. अजपा म्हणतात तो हा. दिवसाचे 21,600 श्वास म्हणजे तितके जप, असा ग्रंथांतला हिशेब आहे, मिनिटाला पंधरा. हे ओढून-ताणून आणता येत नाही, म्हणून त्याच्या मागे लागू नये.

मात्र झोपच लागेनाशी झाली, भीती वाटायला लागली, माणसांचे आवाज ऐकू यायला लागले, किंवा ‘माळ चुकली, पुन्हा पहिल्यापासून’ असं दिवसभर सुटेनासं झालं, तर जप कमी करा आणि डॉक्टरांकडे जा. चालू असलेली औषधं जपाच्या भरवशावर बंद करू नका. याला ‘शक्ती जागी होतेय’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून लांब राहा.

राहिला गुरू. नामाला दीक्षेची अट नाही. बीजयुक्त मंत्र, देवीचा नऊ अक्षरी नवार्ण, आणि गायत्रीसारखे वैदिक मंत्र मात्र परंपरेतल्या माणसाकडून घ्यावेत. अनुग्रहाने, म्हणजे गुरूकडून मंत्र घेतल्याने, काय मिळतं, तर श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी तीन गोष्टी मिळतात: कुणीतरी उच्चार कानाने ऐकून दुरुस्त करतं, संख्या तुमच्या कुवतीप्रमाणे बांधून देतं, आणि मंत्र बदलत राहायची खोड मोडतं. ही तिसरी मला सगळ्यात मोलाची वाटते. दर दोन महिन्यांनी मंत्र बदलणाऱ्याचा एकही ठसा खोल जात नाही. तुकोबांना ‘राम कृष्ण हरि’ मिळाला तो बाबाजींकडून, स्वप्नात. सगळ्यांना तसं स्वप्न पडत नाही. तोवर कुलदेवतेचं किंवा ज्याच्यावर जीव आहे त्या देवाचं नाम घ्या. पुढे गुरू भेटले आणि त्यांनी दुसरं काही दिलं तर आधीचं वाया जात नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मंत्र आत्ता बदलू नका. मानस चालत असेल तर उपांशुवर या, संख्या निम्मी करा, शेवटचं अक्षर पूर्ण उच्चारा, आणि एक श्वास संपेपर्यंत जेवढे मंत्र सहज बसतात तेवढेच बसवा. जप झाल्यावर लगेच फोन हातात न घेता दोन मिनिटं तसंच बसा. मंत्र आतून चालू आहे का ते तिथेच कळतं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका, नेहमीचीच संख्या करा. संकल्प करून घेतलेलं अनुष्ठान असेल तर गोष्ट वेगळी, तिथे खंड पडला तर ज्यांनी ते सांगितलं त्यांना विचारावं. सूतकात माळ आणि विधीचा जप बाजूला ठेवतात. मनातल्या नामाला तेव्हाही अडकाठी नाही.